पाणकावळ्याची चकती

चकती बोलतेय मी. अहो, इकडे बघा. स्वयंपाकघराच्या दाराशी, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी खिळ्याला लटकलेली ती पिवळी, प्लास्टिकची, बिस्किटाएवढी. येणारे-जाणारे मला कपाटाच्या किल्लीचा बिल्ला समजतात. एका पाहुण्याने तर कपाखाली ठेवायला म्हणून मला खाली काढलं होतं. घरच्या बाईने त्याच्याकडे असं काही बघितलं, की बिचाऱ्याने चहा अर्धा टाकून काढता पाय घेतला.

दिसते मी एवढीशी, पण माझं अर्धं आयुष्य डोंगराच्या पोटात, पाण्याखाली गेलंय. आणि मी ज्याची, तो माणूस आता नाही. हे मी सरळ सांगून टाकते, कारण या घरात सगळे हे वाक्य टाळत असतात. तो नाही. मला त्याची आठवण येते. रोज येते.

माझा जन्म चोरीचा. मी मूळची पिठाच्या डब्याचं झाकण. एका दुपारी घरची बाई बाहेर गेली होती आणि हा माणूस फडताळासमोर उभा राहून एकेक झाकण वाकवून बघत होता. मला वाकवलं, हसला, आणि कात्री चालवली. गोल कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, कडेला दोन खाचा पाडल्या. त्या खाचांत दोरी अडकते. बाकीचं झाकण, मधोमध भोक पडलेलं, त्याने परत डब्यावर ठेवून दिलं. जणू कुणाला काही कळणारच नाही!

संध्याकाळी बाईने डबा उघडला.

"अहो, हे काय?"

"काय?"

"झाकणाला खिडकी कुणी पाडली?"

तो मला पुढे करून उभा राहिला. मग त्याला सगळं सांगावं लागलं, ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पाण्याखालच्या गुहेत शिरताना माणसं वाटेवर दोरी बांधत जातात. आत काळोख असतो, गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही, तेव्हा ती दोरी चाचपत बाहेर यायचं. जिथे दोरीला फाटा फुटतो तिथे प्रत्येकाने आपली चकती अडकवायची आणि मग पुढे जायचं. येताना आपली चकती काढून घ्यायची. फक्त आपली. दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. कारण चकती दोरीवर आहे याचा अर्थ तो माणूस अजून आत आहे.

बाईने हे सगळं कमरेवर हात ठेवून ऐकलं. मग मला हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"आणि ही तुमचीच, हे कसं कळणार?"

"नाव लिहीन ना."

"काळोखात नाव वाचणार कोण? मासे?"

असं म्हणून तिने गोधडी शिवायची जाड सुई गॅसवर लाल केली आणि माझ्या पोटात एका ओळीत तीन भोकं पाडली. दुखलं, पण कौतुकही वाटलं. प्रत्येक भोकाच्या कडेला वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी कळेल अशी. त्याने डोळे मिटले, डावीकडून उजवीकडे अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वा!"

"वा काय," बाई म्हणाली, "झाकण माझं आहे. दर वेळी मला परत आणून द्यायचं."

तिने दाराशी एक खिळा ठोकून घेतला. तेव्हापासून तो निघताना मला खिळ्यावरून काढायचा आणि परत आला की पुन्हा अडकवायचा. भिंतीला टेकताना माझा 'टक' असा आवाज व्हायचा. बाई त्या वेळी बहुधा गॅसशी उभी असायची, दाराकडे पाठ करून. कसा झाला दिवस, खोल होतं का, भीती वाटली का, यातलं ती काही विचारायची नाही. टक ऐकलं की न वळता एकच म्हणायची,

"ओल्या पायांनी आत येऊ नका."

मला आधी वाटायचं, काय कोरडी बाई आहे! मग एकदा माझ्या लक्षात आलं. मी खिळ्यावर बसेपर्यंत तिच्या हातातला झारा हललेलाच नसायचा. टक झालं की मग कढईत आवाज सुरू व्हायचा.

त्याला गावात सगळे पाणकावळा म्हणायचे. एक तर बुडी मारायचा, आणि दुसरं म्हणजे बाहेर आला की गुहेच्या तोंडाशी असलेल्या डोहाच्या काठावर दोन्ही हात पसरून उन्हात उभा राहायचा, पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखा. पोरं लांबून तशीच उभी राहून त्याची नक्कल करायची. तो त्यांच्याकडे बघून हात आणखी पसरायचा.

पोटापाण्याला त्याचा फोटो स्टुडिओ होता. मुख्य रस्त्यावर, अरुंद जिन्याने वर गेलं की डाव्या हाताला. एक गोल स्टूल, पांढरा पडदा, आणि भिंतीवर आरसा. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण लोक कंगवे खिशात घालून जातात. दिवसभर हेच चालायचं, "मान जरा वर. खांदे सोडा. तोंड मिटा. हलू नका. झालंच." शेजारच्या दारात दातांचा दवाखाना. तिथला डॉक्टर दिवसभर म्हणायचा, "तोंड उघडा. हलू नका. झालंच." मधल्या भिंतीतून दोघांना एकमेकांचं ऐकू यायचं. मैत्री व्हायला दुसरं काय लागतं?

डॉक्टरला गुहांचा नाद लावला तो पाणकावळ्यानेच. आणि डॉक्टर त्याच्या फारच कामाला आला. पाण्याखाली गुहेचा फोटो काढायचा म्हणजे सोपं काम नाही. आत उजेड नावालाही नसतो. दिवे खडकांमागे लपवून ठेवायचे, आणि दालन केवढं आहे ते कळावं म्हणून मध्ये एक माणूस तरंगत ठेवायचा. तो माणूस अजिबात हलता कामा नये, पाय तळाला लागला की गाळ उठून सगळं दूध होतं. हे काम डॉक्टरचं. आयुष्यभर लोकांना 'हलू नका' सांगणारा तो माणूस पाण्यात इतका निश्चल राहायचा, की मासे येऊन त्याच्या दिव्याला नाक लावून जायचे.

त्या फोटोंनी पाणकावळ्याचं नाव लांबवर झालं. गुहांचे नकाशे करणारे लोक यायचे, पाण्याचा अभ्यास करणारे यायचे, त्या स्टुडिओच्या स्टुलावर बसून त्याच्याकडून शिकून जायचे. त्याच्या फोटोत दगड दगड दिसायचा नाही. छतावरून लोंबणारे पांढरे खांब, त्यांच्यामधून गेलेली दोरी, आणि लांब कुठेतरी एक चिमुकला माणूस, हातात दिवा घेतलेला. बघणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

मी मात्र नाक मुरडायचे. सगळा मान त्या कॅमेऱ्याला! त्याला मऊ पिशवी, त्याला गोड्या पाण्याची आंघोळ, त्याच्या काचेला फुंकर. आणि मला ओल्या खिशात कोंबायचं. हजारो फोटो काढलेस, माझा एक तरी काढलास का, असं मी मनात शंभरदा म्हटलं असेल. आता वाटतं, कशाला म्हटलं.

तो किती आत गेला याचं लोकांना कौतुक. तो किती वेळा मागे फिरला, ते मला माहीत आहे. कधी समोर नवीन दालन उघडलेलं असायचं, कुणीही न बघितलेलं, दिवा टाकला तर भिंत सापडत नाही एवढं मोठं. पण पाठीवरच्या टाकीत येण्यासाठी राखून ठेवलेल्या हवेला हात लागायची वेळ आली की तो अंगठा वर करायचा. म्हणजे परत. डॉक्टर कधी हट्ट करायचा, बोटांनी खुणा करायचा, एकच मिनिट. हा मान हलवायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "डॉक्टर, ते दालन काही दात आहे का, आज नाही उपटला तर उद्या सुजेल?" आणि फाट्यावर परत येताना त्याचा अंगठा माझ्यावरून फिरायचा, एक, दोन, तीन, आणि तो मला दोरीवरून सोडवायचा. कॅमेऱ्यामुळे तो हातमोजे घालत नसे. गार पाण्यात त्याचा तो गार अंगठा. माझ्या आयुष्यातलं सगळं सुख त्या एका क्षणात होतं.

त्यांना एक मुलगी. बापाने तिला डोहात पोहायला शिकवलं, मग बुडी मारायला, मग गुहेत दोरी कशी धरायची तेही. बापासारखीच शांत डोक्याची. पण तिची पहिली गुहा झाली त्या दिवशी दोघांना यायला उशीर झाला, आणि खिळ्याकडे बघत बसलेल्या बाईने त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज चढवला.

"एकाची वाट बघता बघता माझं आयुष्य गेलं. दोघांची नाही बघणार मी."

मुलीने कानाला खडा लावला. पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. सुट्टीला आली की बापाच्या टाक्या धुऊन द्यायची, दोऱ्या वाळत घालायची, आणि खिळ्याजवळून जाताना माझ्यावरून अंगठा फिरवायची. डावीकडून उजवीकडे.

आता शेवटच्या फेरीचं सांगते.

आतल्या एका दालनात एक खांब होता, वरून खाली आलेला आणि जमिनीला टेकायला हातभर राहिलेला. पाणकावळ्याला त्याचा फोटो हवा होता आणि मनासारखा जमत नव्हता. त्या रविवारी तो आणि डॉक्टर दोघे गेले. फाट्यावर दोघांनी चकत्या अडकवल्या. मी आणि डॉक्टरची ती विकत आणलेली, गुळगुळीत, पांढरी. तिच्याशी माझं कधी फारसं जमलं नाही. अबोल बाई.

बराच वेळ गेला. मग आतून पाणी गढूळ व्हायला लागलं. डॉक्टर म्हणजे डॉक्टर, इतक्या वर्षांत न हललेला माणूस, त्याच्या पायात गोळा आला आणि पाय तळावर आपटला. दोघे दोरी चाचपत निघाले. डॉक्टर पुढे होता. त्याचा हात आला, त्याने आपली गुळगुळीत चकती ओळखली, काढली आणि पुढे गेला. अगदी नियमाप्रमाणे.

मग माझा माणूस आला. मी त्याच्या श्वासाचे बुडबुडे ओळखते. त्याचा अंगठा माझ्यावर आला. फिरला. आणि थांबला. परत फिरला. मी वाट बघत होते, एक, दोन, तीन. पण त्या अंगठ्याला माझी भोकं लागलीच नाहीत. मी तीच होते, माझ्या कडाही तशाच होत्या. त्याच्या बोटांना मी कळले नाही.

त्याला वाटलं, ही गुळगुळीत आहे, म्हणजे डॉक्टरची. म्हणजे डॉक्टर अजून आत आहे, गाळात वाट चुकलाय. आणि तो मागे फिरला.

मी ओरडले असते. मला तोंड नाही. तो आत गेला, ज्या माणसाला शोधायचं होतं तो बाहेर असताना, येण्यासाठी राखून ठेवलेली हवा वापरत. मला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा समजलं की आपल्यामुळे कुणाचा जीव जाऊ शकतो.

डॉक्टर बाहेरच्या टप्प्यावर थांबला, मागे कुणी येत नाही हे कळलं तसा परत आत घुसला. सुदैवाने पाणकावळा फार लांब गेला नव्हता. डॉक्टरने त्याच्या दंडाला धरलं, तो दंड असा दाबला की जणू परत सोडणारच नाही. त्याच घाईत दोघे माझ्यासमोरून निघून गेले. हवा कमी होती, एका क्षणासाठीही थांबणं योग्य नव्हतं. मी दोरीवर राहिले.

काठावर दोघे खूप हसले म्हणे. हे मला नंतर कळलं. खिळ्यावर लटकून कान उघडे ठेवले की घरातलं सगळं कळतं.

"तुमची चकती दोरीवर होती, म्हणून वळलो."

"माझी? ही बघा माझी, खिशात!"

"मग ती माझीच होती की! बोटांना काही कळलंच नाही हो. गारठली असतील."

"वय झालं तुमचं," डॉक्टर म्हणाला, आणि हा हात पसरून उन्हात उभा राहिला. उजवा हात डाव्याएवढा वर जात नव्हता. डॉक्टरने ते बघितलं, आणि थट्टेने तो वर उचलून धरला.

घरी त्या दिवशी टक झालं नाही. बाईने वळून बघितलं.

"खिळा रिकामा आहे."

"आत राहिली. पुढच्या रविवारी आणतो."

"खिळा रिकामा आहे म्हटलं मी."

"अगं, मी समोर उभा आहे ना धडधाकट! चकतीचं काय घेऊन बसलीस?"

ती त्या संध्याकाळी त्याच्याशी फारशी बोलली नाही. यासाठी ती अजून स्वतःला माफ करत नाही.

पुढचा रविवार आलाच नाही. त्याआधीच स्टुडिओत, एका गिऱ्हाइकाचा फोटो काढताना, "मान जरा वर... हलू नका... झालंच," म्हणाला आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला धरून खाली बसला. मेंदूत रक्ताची गाठ. बोटांनी आधी कळवलं होतं, पण ते कुणी ऐकलं नाही. शेजारच्या दारातून डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आला. तो दातांचा डॉक्टर. त्याच्या हातात काही नव्हतं.

त्या गिऱ्हाइकाचा फोटो थोडा तिरका आला होता. नंतर मुलीने दुसरा काढून देते म्हटलं, तर तो माणूस नको म्हणाला. तोच घेऊन गेला.

आणि मी? मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दोरीवर होते. काळोखात रविवार कळत नाही, दिवस-रात्र कळत नाही. हळूहळू गाळ खाली बसला, थोडा माझ्या अंगावरही बसला. एक आंधळा पांढरा मासा अधूनमधून येऊन मला ढुशी द्यायचा आणि जायचा. मी त्याला सांगायचे, येईल रे, तो विसरणाऱ्यातला नाही. मग डोंगरावर खूप पाऊस झाला असावा, पाण्याला ओढ आली, दोरी थरथरायला लागली. मी दोन्ही खाचांनी धरून राहिले. हात सुटला असता तर मी कुठल्या कपारीत गेले असते कोण जाणे, आणि तो आला असता तेव्हा मी जागेवर नसते. तेवढंच डोक्यात होतं. तो येईल तेव्हा आपण जागेवर असायला हवं.

तिकडे घरात माणसं येत होती, बसत होती, जात होती. बाई रडली नाही. कुणी जवळ घेतलं तरी ताठ. एकदाच बोलली, "ते अजून आत आहेत."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. बिचारीला धक्का बसलाय, म्हणाले. मुलीने मात्र खिळ्याकडे बघितलं आणि डॉक्टरने मान खाली घातली. त्या दोघांना बरोबर कळलं होतं.

"वहिनी, मी आणतो," डॉक्टर म्हणाला.

"एकट्याने जायचं नसतं. हे त्यांनीच शिकवलंय ना तुम्हाला?"

"मग मी जाते काकांबरोबर," मुलगी म्हणाली.

"तू तर मुळीच नाही. कुणी आत जायचं नाही. ऐकलंत दोघांनी?"

आता काय करावं? तिला मी हवी होते, आणि मला आणायला कुणी जायला नको होतं. ती दिवसातून कितीदा तरी रिकाम्या खिळ्यासमोर येऊन उभी राहायची. त्याचे सदरे आवरू द्यायची नाही. जेवायला बसताना त्याच्या जागेवर कुणी बसलं तर उठवायची. इस्पितळात तिच्या डोळ्यांसमोर तो गेला, तिने त्याचा हात हातात धरला होता, तरी तिचा हिशेब वेगळा होता. इतकी वर्षं तिने त्याच्या तोंडाकडे बघून कधी मानलंच नव्हतं की तो परत आला. खिळ्याकडे बघून मानलं होतं. आता खिळा रिकामा, मग रडायचं कुणासाठी?

मग सगळ्यांनी स्टुडिओत त्याच्यासाठी एक सभा ठरवली. शिकून गेलेले लोक लांबून येणार होते. भिंतीवर त्याचा एक मोठा फोटो लावायचा ठरलं आणि पंचाईत झाली. सगळ्या गावाचे चेहरे त्या स्टुडिओत होते, तान्ही बाळं, नवी लग्नं, म्हातारे. त्याचा स्वतःचा एक धड फोटो नाही! एकात डोळे मिटलेले, एकात अंगठा आडवा आलेला. मुलगी दिवसभर त्याचे गुहांचे फोटो उलगडत बसली. आणि कधीतरी दुपारी तिने डॉक्टरला मधल्या भिंतीवर टकटक करून बोलावलं.

"काका, हे बघा. इथे. आणि या फोटोत, इथे. याच्यातही."

खूप फोटोंत, कधी कोपऱ्यात, कधी लांबवर, दोरीवर एक पिवळा ठिपका होता.

ती मी होते. मी! इतकी वर्षं नाक मुरडणारी मी, त्याच्या फोटोंत होते. त्याने मला मुद्दाम घेतलं की नकळत, ते आता कुणाला विचारू?

सभेच्या दिवशी मुलीने पांढऱ्या पडद्यावर फाट्याचा फोटो लावला, भिंतभर मोठा. लोक बसले, काही जिन्यात उभे राहिले. कुणीतरी हळूच विचारलं, "यात सर कुठे आहेत?"

मुलगी पुढे गेली आणि त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे बाबा. फोटो ते काढायचे, म्हणून ते कधी दिसले नाहीत. पण ही दोरीवर आहे म्हणजे बाबा आत आहेत. आत्ताही ही तिथेच आहे."

खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेतून बाई उठली. सगळ्यांनी वाट करून दिली. तिने ही जागा कधी पाहिली नव्हती. त्याचे फोटो ती बघायचीच नाही, बघितले तर पुढच्या वेळी जाऊ कशी देऊ, म्हणायची. ती पडद्याजवळ गेली, पांढऱ्या खांबांकडे बघितलं, दोरीवरून बोट फिरवत माझ्यापर्यंत आली.

"इतकं छान आहे होय आत," ती म्हणाली. "मला वाटायचं, नुसता काळोख."

जिन्यातला एक जण नाक ओढत होता.

मग ती मुलीकडे वळली. "आण तिला. दोघं जा आणि दोघं या."

मला आधी उजेड दिसला. मग बुडबुडे ऐकू आले, दोन जणांचे. माझ्या अंगावरचा गाळ कुणीतरी हलकेच हाताने सारला. आणि एक अंगठा आला. हातमोजा नसलेला, गार. डावीकडून उजवीकडे. एक, दोन, तीन.

आला! मला वाटलं, आलाच अखेर!

अंगठा बारीक होता. तो परत फिरला, परत फिरला, आणि मग मला कळलं की हा त्याचा नाही. त्याने जिला शिकवलं, तिचा आहे. ती मुलगी मला सोडवेना, नुसती अंगठा फिरवत राहिली. तिच्या मास्कमध्ये आतून पाणी साचलं होतं, तिच्याच डोळ्यांचं. डॉक्टर शेजारी तरंगत होता, नेहमीसारखा निश्चल, एक हात पाठीमागे घेऊन. दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही. तो फक्त दिवा धरून राहिला. थोड्या वेळाने त्याने अंगठा वर केला. म्हणजे परत.

तेव्हा तिने मला दोरीवरून काढलं, आणि मला समजलं की तो येणार नाही.

काठावर आल्यावर डॉक्टर हात पसरून उन्हात उभा राहिला. इतक्या वर्षांत तो कधी तसा उभा राहिला नव्हता. मुलगी त्याच्या शेजारी तशीच उभी राहिली.

घरी स्वयंपाकघरात गॅस चालू होता. बाई दाराकडे पाठ करून उभी होती, हातात झारा. स्वयंपाकाची वेळ नव्हती, कढईत काही नव्हतंही. मुलगी उंबऱ्यापाशी थबकली. आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हळूच हात लांब करून तिने मला खिळ्यावर अडकवलं.

टक.

बाई वळली नाही.

"ओल्या पायांनी आत येऊ नका," ती म्हणाली.

मुलीचे पाय कधीच वाळले होते. तरी ती दाराबाहेर गेली आणि तिने पायपुसण्यावर पाय पुसले, नीट, एकेक करून. आत आली तेव्हा बाईने गॅस बंद केला होता. झारा ओट्यावर ठेवला होता. आणि ती रडत होती, मोठ्याने, इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मुलीने मागून तिला धरलं. मी खिळ्यावर अजून हलत होते.

त्यानंतर त्याचे सदरे आवरले गेले. जेवताना त्याच्या जागेवर आता डॉक्टर बसतो, अधूनमधून येतो तेव्हा. पिठाच्या डब्याचं ते खिडकीवालं झाकण मात्र अजून फडताळात आहे. परवा मुलगी ते हातात घेऊन वाकवून बघत होती, त्यातून आणखी एक चकती निघेल का म्हणून. आईने बघितलं. पण नाही म्हणाली नाही.

मी आता पूर्ण वाळले आहे. पाण्यात होते तेव्हा खाचांत दोरीचा ताण असायचा, तो जाणवेनासा झालाय. पिवळा रंग थोडा उतरलाय. पण मी कुठेही असले तरी मला तोच हात आठवतो आणि तोच हवा असतो. खिळ्यावर असण्यात कमी काही नाही, फक्त आता मला इथून कुणी काढून नेत नाही, आणि कुणी परत आणत नाही. लोक म्हणतात, काळ गेला की ओढ कमी होते. माझी झाली नाही. पुरात मी जशी दोरी धरून राहिले, तशीच आता त्याची आठवण धरून आहे.

तुम्ही कुणाच्या तरी घरी परत जात असाल. रोज जात असाल, म्हणून त्याचं काही वाटतही नसेल. माझं एक ऐका. दारातून आत शिरताना जरा आवाज करा. किल्ली वाजवा, जरासं खोका, काहीही. आत कुणीतरी पाठ करून उभं असतं, आणि त्याचा झारा थांबलेला असतो.